झिरो डेप पॉलिसीवर क्लेम केला, पैसे किती मिळतात ते सांगते

कार इन्शुरन्स रिन्यू करताना एजंट झिरो डेप (झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे पार्ट जुने झाले म्हणून क्लेममधून घसारा कापायचा नाही, असं जादा प्रीमियमचं कव्हर) घ्या म्हणतो आणि आपण प्रीमियम कमी व्हावा म्हणून नको म्हणतो, असं करणाऱ्यांनी हे जरूर वाचा. कंपनीचं नाव घेत नाहीये, सगळ्यांच्या पॉलिसीच्या मूळ अटी जवळपास सारख्याच असतात, रिव्ह्यू आहे तो झिरो डेप ह्या ॲड-ऑनचा आणि क्लेम होतो कसा त्याचा.

साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा संपला की ते एस वळण लागतं ना, तिथे मागून टेम्पोने ठोकलं आणि गाडी पुढे कठड्याला जाऊन धडकली. मागे मामा बसले होते, त्यांच्या कपाळाला लागलं. पहिला फोन १०८ ला, गाडीचं नंतर बघता येतं. ॲम्ब्युलन्समधे डॉक्टर असतात आणि एक रुपया घेत नाहीत. एका ट्रकवाल्या दादांनी मामांना बाहेर काढलं, पोलिसांची भानगड नको म्हणून ते आधी थोडे बिचकत होते, पण २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलंय, मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही, हे सगळ्यांना माहीत असायलाच हवं. मग १०३३, ही हायवेची हेल्पलाइन, क्रेन आली आणि गाडी बाजूला घेतली, त्याचे पैसे लागले नाहीत.

क्रेन यायच्या आधी फोटो काढले, दोन्ही नंबर प्लेट, टेम्पो कुठे उभा आहे, रस्ता, सगळं. आणि एक फार महत्त्वाचं, खालून कूलंट गळत होतं म्हणून गाडी परत चालू केलीच नाही. चालू करून तशीच गॅरेजला नेली आणि इंजिन सीझ झालं तर तो खर्च कंपनी देत नाही, ॲक्सिडेंटनंतर चालवल्याने झालेलं नुकसान आपल्या माथी. कंपनीला फोन तिथूनच केला, क्लेम नंबर घेतला, आणि गॅरेजवाल्याला सांगून ठेवलं की सर्व्हेयर (नुकसान तपासणारा कंपनीचा माणूस) येऊन बघेपर्यंत एक स्क्रूसुद्धा काढायचा नाही.

आता पैशांचं. झिरो डेप नसेल तर प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या पार्टचे ५० टक्के कापतात, फायबरचे ३०, काचेचे काही नाही. पत्र्याचं गाडीच्या वयावर, माझी गाडी तीन ते चार वर्षांमधली म्हणजे २५ टक्के गेले असते, पाच वर्षांच्या वर गेली की ४०. पेंटच्या बिलातला चौथा हिस्सा मटेरियल धरतात आणि त्याचे निम्मे कापतात. हल्लीच्या गाड्यांना पुढे मागे सगळं प्लास्टिकच, त्यामुळे १० हजारांचा बंपर बदलला तर ५ हजार आपल्या खिशातून. माझे दोन्ही बंपर, बॉनेट, डिकी, रेडिएटर गेलं होतं आणि ह्यातलं काहीच कापलं नाही, म्हणून मी ह्या ॲड-ऑनवर एकदम खूश आहे.

पण झिरो डेप म्हणजे झिरो खर्च नाही बरं का. १५०० सीसी पर्यंतच्या गाडीला १ हजार, त्यावर २ हजार हे दर क्लेमला भरावेच लागतात. कूलंट, ऑइल, ग्रीस, नट-बोल्ट, क्लिपा हे कन्झ्युमेबल्समधे जातं, त्याचं ॲड-ऑन वेगळं आहे. टोइंगला पॉलिसीत साधारण १५०० रुपयेच धरलेले असतात, घाटातून पुण्यापर्यंत गाडी आणायला तेवढ्यात काय होतंय, रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं बरं. बऱ्याच कंपन्या वर्षात दोनच झिरो डेप क्लेम देतात तेही विचारून घ्या. आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस (क्लेम न केलेल्या वर्षांसाठी प्रीमियममधे मिळणारी सूट) शून्यावर येतो, म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत पोचलेल्यांनी छोट्या ओरखड्यासाठी अजिबात क्लेम करू नका, आधी एस्टिमेट घ्या आणि हिशोब करा.

मला सगळ्यात राग आला तो एका गोष्टीचा. फुटलेला हेडलाइट सर्व्हेयरने रिपेअरमधे टाकला होता, कॉल सेंटरला फोन करून करून काही झालं नाही, शेवटी फोटो लावून ईमेल केला आणि कारण लेखी मागितलं तेव्हा रिप्लेस मंजूर झाला. तरीही नाही ऐकलं तर आयआरडीएआयचं (विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) बिमा भरोसा हे तक्रारीचं पोर्टल आहे, कंपनीकडे तक्रार करून महिनाभर उत्तर आलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, पुण्यात त्यांचं ऑफिस आहे, फी लागत नाही.

कोणाला लागलं असेल तर पोलिसांत नोंद २४ तासांत कराच. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस स्कीम आहे, नेमून दिलेल्या हॉस्पिटलमधे ॲक्सिडेंटपासून सात दिवस दीड लाखांपर्यंत उपचार. मामांचा टेम्पोच्या इन्शुरन्सवरचा क्लेम वेगळा, तो मोटार अपघात दाव्यांच्या ट्रिब्युनलमधे, कायद्यात त्याला सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा एफआयआरची कॉपी लगेच घेऊन ठेवा.

मी रिन्यू करताना झिरो डेप परत घेतलंय, ह्यावेळी कन्झ्युमेबल्ससकट.