‘आय-सेव्हन फोर्थ जनरेशन’ म्हणून गळ्यात मारलेला २००९ चा प्रोसेसर

“विंडोज बाहेर कुठे फॉर्मॅट करू नका, वॉरंटी जाईल.” सेकंडहँड कॉम्प्युटर विकणारा असं दोनदा बजावू लागला, की तिथेच कान टवकारा. त्या अटीमागे काय दडलेलं होतं ते आम्हाला फार उशिरा कळलं.

मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिच्यासाठी पुण्यातल्या एका दुकानातून डेस्कटॉप घेतला. आय-सेव्हन ४७७० (इंटेलचा फोर्थ जनरेशनचा प्रोसेसर), सोळा जीबी रॅम, नवी एसएसडी आणि वर एक ग्राफिक्स कार्ड ‘आमच्याकडून फ्री’. सगळं मिळून साडेचौदा हजार. व्हॉट्सअॅपवर त्याने हे लिहूनही पाठवलं होतं. दुकानात सेटिंग्ज उघडून ‘अबाउट’चं पान दाखवलं, तिथेही ४७७० हेच नाव. मशीन ठणठणीत चालत होतं. ब्राउझर, वर्ड, यूट्यूब, कशालाच अडचण नाही. एसएसडी असली की ही कामं पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही निमूटपणे करतो.

प्रोजेक्ट सुरू झालं आणि रडगाणंही सुरू झालं. मशीन लर्निंगसाठी लागणारं टेन्सरफ्लो इन्स्टॉल व्हायचं, पण पायथनमध्ये इंपोर्ट केलं की ‘डीएलएल लोड फेल्ड’. मोंगोडीबी या डेटाबेसची सर्व्हिस चालू केली की लगेच बंद. तिच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर हेच सगळं बिनतक्रार चालत होतं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, “क्रॅक केलेलं काहीतरी टाकलं असेल.” आता ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, त्यांचं क्रॅक कोण कशाला शोधेल? मग म्हणाला, रॅम हलली असेल, मशीन घेऊन या. नेलं. रॅम काढून पुसून बसवली, सर्व्हिसिंगचे सहाशे घेतले, वर्ड उघडून दाखवलं आणि “बघा, ओके आहे” म्हणून परत पाठवलं.

शेवटी मुलीनेच इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बिघाडांची नोंदवही, उघडला. मोंगोडीबी जितक्यांदा पडलं होतं, तितक्यांदा एकच कोड: ०एक्ससी०००००१डी. एरवी प्रोग्रॅम क्रॅश झाला की बहुतेक वेळा शेवटी पाच असलेला कोड दिसतो. तो मेमरीत भलत्या ठिकाणी हात घातल्याचा, आणि त्याला रॅमपासून ड्रायव्हरपर्यंत कारणं पन्नास. शेवटी वन-डी (१डी) असलेल्या कोडचा अर्थ मात्र ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. प्रोग्रॅमने दिलेला हुकूम प्रोसेसरला कळतच नाही. प्रोसेसर जुना असल्यामुळे हा कोड येत असेल, तर रॅम पुसा नाहीतर पायथन पुन्हा टाका, काही उपयोग नाही.

न कळलेला तो हुकूम एव्हीएक्स नावाच्या संचातला. इंटेलने तो २०११ मध्ये सेकंड जनरेशनपासून दिला. टेन्सरफ्लोच्या तयार फाइल्सना २०१८ च्या १.६ आवृत्तीपासून आणि मोंगोडीबीला २०२१ च्या ५.० पासून तो लागतोच. पण ४७७० तर २०१३ चा, त्यात एव्हीएक्स आहे आणि त्याच्या पुढचं एव्हीएक्स-टूही. मग हा कोड येतो कसा? इथे शंकेची पाल चुकचुकली.

प्रोसेसरची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर चालवलं. ते विंडोजला नाव विचारत नाही, थेट चिपला विचारतं. उत्तर आलं: लिनफिल्ड (चिपचं सांकेतिक नाव), ४५ नॅनोमीटर, सॉकेट (प्रोसेसर बसवायची खाच) ११५६. म्हणजे आय-सेव्हन ८७०. फर्स्ट जनरेशन, २००९ चा माल. इन्स्ट्रक्शन्सच्या रांगेत एव्हीएक्सचा पत्ता नाही.

माणूस बिलंदर खरा. ८७० आणि ४७७०, दोघांचे कोअर चार, थ्रेड आठ, कॅश आठ एमबी आणि रॅमही डीडीआर-थ्रीच. टास्क मॅनेजरमधले हे आकडे कुणी ताडून पाहिले तरी संशय येऊ नये, अशीच ही जोडी. राहिलं नाव. विंडोज दर वेळी चालू होताना प्रोसेसरचं नाव चिपकडून घेऊन रजिस्ट्रीत, म्हणजे आपल्या अंतर्गत नोंदींमध्ये, लिहितं, त्यामुळे ते एकदा बदलून भागत नाही. ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये ड्रायव्हर अपडेटच्या नावाने एक टास्क सापडलं. त्यात एका ओळीची बॅच फाइल: मशीन चालू झालं की रजिस्ट्रीतलं नाव खोडून ४७७० लिही. फॉर्मॅट केलं असतं तर ही ओळ उडाली असती आणि पहिल्याच बूटला खरं नाव दिसलं असतं. वॉरंटीची ती अट ही एक ओळ वाचवण्यासाठी होती!

फुकटच्या कार्डाचंही तेच. ४७७० मध्ये ग्राफिक्स आतच असतं, ८७० मध्ये नसतंच. कार्ड काढून मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या व्हीजीए पोर्टला लावली, स्क्रीन काळीच. कार्डाशिवाय हे मशीन विकताच आलं नसतं.

भांडायला गेलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “बिलावर आय-सेव्हन लिहिलंय, आय-सेव्हनच दिलाय.” खरंच, बिलावर तेवढंच होतं: ‘जुना डेस्कटॉप, आय-सेव्हन, १ नग’. व्हॉट्सअॅपचा मेसेज कामी आला. त्या बॅच फाइलचे आणि सीपीयू-झेडचे फोटो जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही आणि दोन वर्षांच्या आत जाता येतं. एवढं त्याला ऐकवल्यावर मशीन परत घेतलं आणि पैसे दिले. सर्व्हिसिंगचे सहाशे मात्र बुडाले ते बुडालेच.

“विंडोज इलेव्हन चालतंय, म्हणजे जुना नाही” हे दुकानातलं पालुपद ऐकून फसू नका. अधिकृत यादीत इंटेलचे साधारण आठव्या जनरेशनपासूनचे प्रोसेसर आहेत, पण तपासणी चुकवून ८७० वरही ते चढवता येतं. नुसत्या जनरेशनच्या आकड्यावरही जाऊ नका, पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये इंटेलने एव्हीएक्स पुढे कैक वर्षं दिलं नव्हतं. सीपीयू-झेडची झिप फाइल पेन ड्राइव्हवर टाकून न्या, इन्स्टॉल करावी लागत नाही. दुकानदारासमोर चालवा, सॉकेट आणि इन्स्ट्रक्शन्सची रांग वाचा, फोटो काढा. बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे काढू नका, आणि पेन ड्राइव्ह लावू देत नसेल तर सरळ शेजारच्या दुकानात जा.