पाऊण प्लेटखालची कारागिरी : ग्लासह्यूटेचे खिशातील घड्याळ

ड्रेस्डेनमधील जुन्या घड्याळांच्या एका दुकानातून घेतलेले ‘ए. लांगे उंड झ्योने’ या ग्लासह्यूटे गावच्या जर्मन पेढीचे सोन्याचे खिशातील घड्याळ मी दोन वर्षे वापरत आहे. बाहेरून ते साधेच आहे: मिन्याची पांढरी तबकडी, बारीक काटे आणि सहाच्या जागी सेकंदाचे छोटे वर्तुळ. त्याचे खरे मोल मागचे झाकण उघडल्यावर कळते.

आत जवळजवळ सगळी यंत्रणा सोन्याचा मुलामा दिलेल्या एकाच पत्र्याखाली झाकलेली दिसते. हीच ती पाऊण प्लेट, जी पेढीचे संस्थापक फर्डिनांड आडोल्फ लांगे यांनी 1864 मध्ये पूर्णत्वास नेली. एरवी चक्रांसाठी निरनिराळ्या पट्ट्या असतात. येथे बहुतेक चक्रांचे धुरे एकाच पत्र्यात टेकत असल्याने त्यांच्यातील अंतर ढळत नाही. मात्र जोडणी करताना सर्व धुऱ्यांची टोके एकाच वेळी आपापल्या माणकात (धुरा टेकण्यासाठीच्या भोक पाडलेल्या कठीण खड्यात) बसवावी लागतात, आणि एखादे चुकले तर ते केसाएवढे टोक मोडते. घड्याळजींना हे काम करताना मी पाहिले, तेव्हा माझाच श्वास रोखला गेला. माणके सोन्याच्या कड्यांत बसवून निळ्या स्क्रूंनी आवळलेली आहेत. बॅलन्स चक्रावरच्या (मागेपुढे हेलकावत घड्याळाची गती राखणाऱ्या चक्रावरच्या) पट्टीवरील नक्षी हाताने कोरलेली असल्यामुळे दुसऱ्या घड्याळात ती हुबेहूब सापडत नाही.

ही कला ग्लासह्यूटे गावात उपजत नव्हती. चांदीच्या खाणी आटून दैन्य आलेल्या ग्लासह्यूटेत लांगे यांनी 7 डिसेंबर 1845 रोजी, सॅक्सनी सरकारच्या कर्जाच्या बळावर आणि 15 शिकाऊ मुलांना घेऊन, कारखाना सुरू केला. फ्रेंच ‘लिन्य’ हे माप सोडून त्यांनी मिलिमीटर स्वीकारला. माझ्या मते त्यांची दूरदृष्टी याच निर्णयात सर्वाधिक दिसते.

उणिवाही सांगायला हव्यात. रोज ठरावीक वेळी चावी द्यावी लागते, तबकडीवर चारच्या आकड्याजवळ केसासारखी चीर आहे, आणि सुटे भाग बाजारात मिळत नसल्याने दुरुस्ती खर्चिक पडते. पूर्वीच्या एका दुरुस्ती करणाऱ्याने भरमसाट तेल घातले होते. ते काढून स्वच्छता करून घेतल्यानंतर दिवसाकाठी जेमतेम अर्ध्या मिनिटाचा फरक पडतो.

विकत घेणाऱ्याने यंत्रावरचा आणि डबीवरचा क्रमांक एकच आहे ना, हे आधी पाहावे. नसल्यास डबी बहुधा मागाहून बदललेली असते. ‘डी.यू.एफ.’ (डॉइच उरेन-फाब्रिकात्सिओन) ही खूण असलेली घड्याळे याच पेढीची, पण तुलनेने साध्या घडणीची आहेत. त्यांना पहिल्या प्रतीची किंमत मोजू नये.