बँकेचा नंबर बटणवाल्या फोनमध्ये: नऊ महिने वापरून

नऊ महिन्यांपूर्वी मी बाराशे रुपयांचा एक बटणवाला फोन घेतला. कॅमेरा नावापुरता, व्हॉट्सॲप नाही, नेट नाही. ज्या खात्यात पगार येतो आणि जमवलेले चार पैसे आहेत, त्या खात्याचं सिम त्यात घातलं आणि फोन कपाटात ठेवला, दागिन्यांच्या डब्याशेजारी. पर्समधल्या स्मार्टफोनला दुसऱ्या बँकेतलं एक छोटं खातं जोडलं. दर महिन्याला त्यात बारा हजार टाकते आणि यूपीआयचा सगळा खर्च तिथूनच करते.

हे खूळ डोक्यात आलं ते आमच्या नानांमुळे, म्हणजे वडिलांमुळे. ते एसटीतून निवृत्त झालेत, पेन्शन खात्यात येते. एका संध्याकाळी त्यांना व्हॉट्सॲपवर 'वाहतूक चलन' म्हणून एक एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) आली. ती त्यांनी उघडली, फोनने विचारलेल्या सगळ्या परवानग्या दिल्या. मी नंतर म्हटलं, "नाना, स्कूटर विकून चार वर्षं झाली की!" तर म्हणाले, "म्हणूनच बघितलं, नव्या मालकानं काय दिवे लावलेत ते." रात्रीतून तीन व्यवहारांत साडेएकेचाळीस हजार गेले. ओटीपी त्यांनी कोणालाच सांगितला नव्हता. ते ॲपच मेसेज वाचून पुढे पाठवत होतं.

सकाळी उठल्या उठल्या सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, मग बँकेत गेलो. एकोणीस हजार समोरच्या खात्यात अडकवून ठेवता आले, ते पाच महिन्यांनी परत मिळाले. बाकीच्या पैशांबद्दल बँकेचं म्हणणं एकच, परवानगी तुम्हीच दिलीत. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं म्हटलं होतं की चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला तोशीस नाही. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आमचा सगळा वाद या 'निष्काळजीपणा' शब्दावर अडला. तेव्हा मनात पक्कं झालं की ओटीपी ज्या फोनवर येतो, त्यात बाहेरचं काही उघडताच येऊ नये.

व्यवस्था लावायला दोन आठवडे गेले. नवीन सिम घेतलं आणि शाखेत अर्ज देऊन मोठ्या खात्याचा नंबर बदलला. सही जुळेना म्हणून दुसरा हेलपाटा झाला. त्या खात्याचं मोबाइल ॲप काढून टाकलं. नेटबँकिंग फक्त लॅपटॉपवर, ओटीपी कपाटातल्या फोनवर. डेबिट कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशातले व्यवहार बंद ठेवलेत, एटीएमची मर्यादा दहा हजारांवर आणलीय. छोटं खातं मुद्दाम दुसऱ्या बँकेत उघडलं, किमान शिल्लक लागत नाही असं 'बेसिक' (बीएसबीडी) बचत खातं. ते खातं असेल तर त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, हे उघडण्याआधी माहीत हवं.

सगळ्यात मोठा फायदा मात्र मी ठरवून केलेला नव्हता. मोठ्या खात्याच्या बँकेत आता माझा रोजचा नंबर नोंदवलेलाच नाही. त्यामुळे "मॅडम, तुमचं केवायसी संपलंय, आज रात्री खातं बंद होईल" असा त्या बँकेच्या नावाने रोजच्या नंबरवर फोन आला की तो खोटा, विचार करायची गरजच नाही. नऊ महिन्यांत असे चार आले. एकाला तर मी विचारलं, "कुठल्या शाखेतून बोलताय?" त्याने फोन ठेवला. छोट्या खात्याच्या बँकेच्या नावाने फोन आला तर अजूनही डोकं लावावं लागतं, पण तिथे माझं फार तर बारा हजारांचं नुकसान आहे.

आता त्रास. बटणवाल्या फोनचं रिचार्ज संपलं ते मला कळलंच नाही. बरेच दिवस त्या नंबरवर काही येत नव्हतं, आणि मी समजत होते की सगळं शांत आहे. खात्यावर काही झालं असतं तर पत्ता लागला नसता. तेव्हापासून रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिते, शिवाय मोठ्या खात्याचे इशारे ईमेलवरही चालू केलेत.

दुसरा प्रसंग मे महिन्यातला. रत्नागिरीला गेलो असताना सासूबाईंना रात्री दवाखान्यात न्यावं लागलं, अनामत तीस हजार. छोट्या खात्यात सहा हजार होते आणि ओटीपीचा फोन कराडला कपाटात. शेवटी दिराने भरले. आता बाहेरगावी जाताना तो फोन बॅगेत असतो, चार्जरसकट. चार्जरची पिन वेगळी आहे, हे मी एकदा विसरले होते.

यूपीआय लाइटबद्दल, म्हणजे यूपीआय ॲपमधल्या छोट्या खर्चाच्या पाकिटाबद्दल, थोडंसं. एका वेळी हजारपर्यंत पिन लागत नाही, त्यात जास्तीत जास्त पाच हजार राहतात. भाजीवाल्याकडे छान चालतं आणि पासबुकात दहा-वीस रुपयांच्या नोंदींची रांगही लागत नाही. पण फोन उघडा सापडला तर ते पैसे कोणीही उडवू शकतं, म्हणून मी त्यात दोन हजारांपेक्षा जास्त ठेवत नाही. फोन बदलायचा असेल तर आधी लाइट बंद करून शिल्लक खात्यात परत घ्या.

लॅपटॉपवर मध्येच एक धक्का बसला होता. बँकेचा पत्ता टाकला तर भलतंच पान, शेवटी 'डॉट बँक डॉट इन'. मी घाबरून बंद केलं. नंतर शाखेत कळलं की रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. मला ते आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण असो.

नानांसाठी ही व्यवस्था अर्धीच लावता आली. स्मार्टफोन सोडायला ते तयार नाहीत, भजनं त्यावरच ऐकतात. पेन्शनचा नंबर तेवढा दुसऱ्या बटणवाल्या फोनमध्ये घातला. त्यांच्या मुदत ठेवी शाखेत जाऊन कागदी पावतीवर केल्या आणि नेटबँकिंग फक्त बघण्यापुरतं ठेवलं. कोणी खात्यात शिरलाच तर ऑनलाइन ठेव मोडून तेही पैसे नेऊ शकतो, ही गोष्ट मलाही उशिराच सुचली. नानांची एकच तक्रार आहे, माझा आणि त्यांचा बटणवाला फोन दिसायला सारखे, कुठला कोणाचा कळत नाही. त्यांच्या फोनवर आता आईने हळदीचं बोट लावलंय.