सायको (१९६०): घरच्यांना दाखवला, त्याचा हा रिपोर्ट

आधीच सांगते, ह्यात निम्मा सिनेमा फुटणार आहे. शेवट तेवढा फोडणार नाही. बाथरूममध्ये काय होतं हे आता जगाला माहितीये, ते लपवण्यात काही अर्थ नाही, पण ज्यांना तेही माहिती नाही त्या भाग्यवान लोकांनी इथेच थांबा, सिनेमा बघा आणि मग या. एक तास एकोणपन्नास मिनिटांचा तर आहे.

तर झालं असं की आषाढात माहेरी सांगलीला होते, पाऊस असा की गेटपर्यंत जाववत नव्हतं, सीरियल बघून बघून डोकं उठलेलं, म्हटलं आज माझ्या पसंतीचं काहीतरी. बघायला कोण तर आई, मावशी, बाबा आणि भाचा. भाचा अकरावीला आहे, जगातले सगळे हॉरर त्याने बघितलेत असं त्याचंच म्हणणं, त्यामुळे ब्लॅक अँड व्हाइट म्हटल्यावर नुसतं "आत्या, प्लीज" म्हणाला आणि मोबाईलमध्ये तोंड घातलं. मावशी एका पतसंस्थेत तीस वर्षं कॅशियर होती, हे लक्षात ठेवा. बाबांनी हा कॉलेजात असताना कधीतरी बघितलाय, त्यांना आधीच दम दिला की एक अक्षर बोलायचं नाही. भडंगाची परात मधे ठेवली आणि लावला.

सुरुवातीलाच पडद्यावर येतं, फिनिक्स, शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारचे २ वाजून ४३ मिनिटं. पंचनामा लिहितात तसं मिनिटासकट. मॅरियन नावाची एक मुलगी, जागा-घरं विकणाऱ्या ऑफिसात कामाला, लग्न करायचंय पण मित्राकडे पैसा नाही. एक गिऱ्हाईक येतं आणि तिच्या टेबलावर रोख ४०,००० डॉलर टाकतं, साहेब म्हणतो जाता जाता बँकेत भर. आमच्या हॉलमध्ये पहिली रिॲक्शन इथेच आली, मावशीची. "पावती कुठाय? अगं पावती केलीच नाही! एवढी कॅश पोरीच्या पर्समध्ये?" मी म्हटलं मावशी गप, तर म्हणे गप काय, ऑडिटला काय दाखवणार.

मॅरियन बँकेत जात नाही. घरी जाऊन बॅग भरते आणि गाडी काढते. सिग्नलला थांबलीये आणि समोरून नेमका तिचा साहेब रस्ता क्रॉस करतोय, तो हसतो, दोन पावलं जातो आणि मग थांबून वळून बघतो. बास, एवढंच. एक शब्द नाही. आईने माझा दंड धरला. पुढे रस्त्याकडेला गाडीत झोपलेली असते तर काळा गॉगल लावलेला पोलीस काचेवर टकटक करतो आणि त्याचा चेहरा अख्ख्या टीव्हीभर. (इथे ॲपवाल्यांनी वॉशिंग पावडरची जाहिरात घुसवली. पैसे भरून घेतलेल्या प्लॅनमध्ये. ॲपचं नाव घेत नाही, पण सबटायटल्सही अर्धा सेकंद मागे धावत होती, शेवटी भाच्यानेच मोबाईल ठेवून आईसाठी लाइव्ह डबिंग केलं.) तर हा पोलीस तसा काहीच करत नाही, पण आम्ही पाचही जण चोरासारखे बसलेलो. बाईने सरळसरळ दरोडा घातलाय, आणि घरातली चार सरळमार्गी माणसं मनात म्हणतायत, पळ बाई, पळ. फक्त मावशी हिशेबात. मॅरियन जुनी गाडी देऊन वर ७०० डॉलर रोख मोजते, घासाघीस न करता, तर मावशी म्हणाली, "इथेच सापडणार बघ, घासाघीस न करणाऱ्याचा सगळ्यांना संशय येतो." आणि खरंच, तो गाडीवाला पण चक्रावलेलाच असतो.

मग पाऊस. आमच्या बाहेरही पाऊस, तिच्या काचेवरही पाऊस, वायपर चालूच. रस्ता चुकते आणि एका मोटेलपाशी येते. बारा खोल्या, बाराच्या बारा रिकाम्या. मागे टेकाडावर ते घर. आणि छत्री घेऊन धावत येतो नॉर्मन.

आता आईचं सांगते. नॉर्मन झालेला अँथनी पर्किन्स असा काही लाजतो, अडखळतो, खिशात हात घालून उभा राहतो की आईला तो बघताक्षणी आवडला. "किती नम्र आहे गं. आणि देखणा." तो मॅरियनसाठी सँडविच आणि दूध आणतो, वरच्या घरातून त्याच्या आईचा ओरडा ऐकू येतो, तो बिचारा खाली मान घालतो. आजारी आईला सोडून जाणार कसं, असं काहीतरी म्हणतो. आमच्या मातोश्री भाच्याकडे बघून: "बघ. आईचं सगळं एकटा करतो. शिका काहीतरी." बाबांना जोरात ठसका लागला. शेंगदाणा अडकला म्हणाले.

त्या खोलीत भिंतीवर पेंढा भरलेले पक्षी आहेत, घुबड पंख पसरून वरून बघतंय, आणि दोघं नुसतं बोलतायत. दहाएक मिनिटं नुसतं बोलणं. पण मधेच मॅरियन सहज सुचवते की आईला कुठेतरी ठेवलं तर, आणि ह्या लाजऱ्या पोराचा चेहरा पुढे येतो, आवाज बदलतो, आणि दुसऱ्या क्षणी परत तो गोड. भाच्याने मोबाईल पालथा ठेवला. तो त्यानंतर थेट सिनेमा संपल्यावर उचलला, हे मी स्वतः बघितलंय.

खोलीत येऊन ती ४०,००० मधून ७०० वजा करते, कागदावर. मावशी खूश, हिशेब बरोबर, पोरगी परत करणार पैसे. कागद फाडून टॉयलेटमध्ये टाकते आणि फ्लश करते (त्या काळी अमेरिकन सिनेमात हेसुद्धा कुणी दाखवत नव्हतं म्हणे, खून चालेल पण संडास नको) आणि मग शॉवर.

मी हा सीन किती वेळा बघितलाय मलाच माहिती नाही, म्हणून यावेळी टीव्हीकडे न बघता ह्यांच्याकडे बघत बसले. आईचा पदर तोंडावर. मावशीच्या मुठीत भडंग, मूठ तशीच हवेत. भाचा पाय वर घेऊन सोफ्याच्या कोपऱ्यात. संपल्यावर पहिला आवाज त्याचाच, आणि तो काय म्हणाला तर, "पण ती हिरॉइन आहे ना?" आणि रिमोट घेऊन बघितलं की किती वेळ उरलाय. एक तास! पाऊण तासात सिनेमाने हिरॉइनच काढून घेतली, आता बघायचं कुणाकडे?

१९६० मध्येही लोकांचं हेच झालं. मॅरियन झालेली जेनेट ली तेव्हा मोठी स्टार होती, पोस्टरवर तिचा फोटो, म्हणून दिग्दर्शक हिचकॉकने थिएटरवाल्यांना अट घातली की सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. उशिरा आलेला माणूस जेनेट ली कधी येणार म्हणून वाट बघत बसला असता. आपल्याकडे हा नियम लावला तर निम्मं थिएटर बाहेर पॉपकॉर्नच्या लाइनीत राहील, असो.

आई म्हणाली, "चाकू लागलेला दाखवायची काय गरज होती?" मी म्हटलं दाखवलाय का? पैज लागली. मागे घेऊन परत लावला, थांबवत थांबवत. चाकू वर, पाणी, हात, तोंड, पडदा, पाय, पण अंगात शिरताना असा धड कुठे दिसतच नाही. जेमतेम पाऊण मिनिटाचा खून, त्याच्या शूटिंगला सात दिवस लागले होते, आणि पाण्यात वाहतं ते रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. काळ्या-पांढऱ्यात कुणाला कळतंय. भाचा म्हणाला आवाज बंद करून लाव, तर लावला, आणि मजाच गेली! नुसती हातवारे करणारी माणसं. ती व्हायोलिनची किंचाळी गेली की निम्मी भीती गेली. गंमत म्हणजे हिचकॉकला इथे म्युझिकच नको होतं, संगीतकार बर्नर्ड हरमनने तरीही करून ऐकवलं आणि मग साहेबांनी मुकाट्याने मान्य केलं. अख्ख्या सिनेमाला फक्त तंतुवाद्यं आहेत, ढोल नाही, पिपाणी नाही.

पण माझ्या मते खरा सिनेमा ह्याच्यानंतर आहे, आणि लोक शॉवर शॉवर करत हेच विसरतात. नॉर्मन धावत येतो, बघतो, हादरतो आणि मग साफसफाई करतो. किती तरी वेळ. संवाद नाही. टब धुतो, फरशी पुसतो, मॉप पिळतो, परत पुसतो. आई हळूच म्हणाली, "कोपरे पण पुसले हं." म्हणजे बघा, तीन मिनिटांपूर्वी पदरात तोंड घातलेली बाई आता फरशीला मार्क देतेय. बॉडी डिकीत, बॅग डिकीत, शेवटची एक नजर खोलीभर, आणि टेबलावर राहिलेला घडी घातलेला पेपर. त्यातच ते पैसे आहेत. मावशी अक्षरशः उभी राहिली. "पेपर! अरे पेपर उघड!" त्याने न बघताच डिकीत फेकला. ४०,००० कमी ७००.

मग गाडी दलदलीत ढकलतो. बुडतेय, बुडतेय, आणि मधेच थांबते. छप्पर वर राहिलं. नॉर्मन इकडे बघतो, तिकडे बघतो. आमच्या हॉलमध्ये पाचही जणांचा श्वास अडकला आणि आई काकुळतीला येऊन म्हणाली, "अगं बाई, अडकली की गं!" दोन सेकंद, आणि बुडबुड करत गाडी खाली गेली. आईने हुश्श केलं. भाचा शांतपणे म्हणाला, "आजी, तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?"

कुणीच काही बोललं नाही. आणि मी खोटं सांगत नाही, त्यानंतर मिनिटाभरात लाईट गेली.

इन्व्हर्टरवर एक ट्यूब आणि एक पंखा, टीव्ही नाही. पंचवीस मिनिटं आम्ही अंधुक उजेडात भांडत होतो. आईचं म्हणणं, पोरगा आईला वाचवतोय, त्याचा काय दोष. मावशी म्हणे दोष कसा नाही, पुरावा नष्ट केला. भाच्याने तीन थिअऱ्या मांडल्या, तिन्ही चुकल्या. सगळ्यांनी बाबांना घेरलं, तर ते "मी चहा टाकतो" म्हणून उठले. घरात स्वतःहून चहा टाकायची त्यांची ही बहुतेक दुसरी वेळ. शेवट कुणाला सांगू नका अशी विनंती तेव्हा सिनेमाच्या जाहिरातीतच करायचे, ती ह्या माणसाने मनावर घेतलेली दिसतेय.

दुसरा भाग पटकन सांगते, कारण तिथे सांगण्यासारखं सगळंच फोडण्यासारखं आहे. डिटेक्टिव्ह जिना चढतो तिथे भडंगाची परात उपडी झाली. मॅरियनचा मित्र झालेला जॉन गॅव्हिन म्हणजे ओंडका आहे, त्याच्यासाठी ४०,००० चोरावेत असं त्याच्यात काय हे मला कधीच कळलं नाही. तळघर, लोंबता दिवा, इथे मी पुन्हा ह्यांच्याकडे बघितलं आणि आईचा चेहरा बघून मलाच वाईट वाटलं. मग मानसोपचारतज्ज्ञ येतो आणि बराच वेळ लेक्चर देतो. हे मात्र खरंच बोअर आहे, सगळं कळलेलं परत उलगडून सांगतो, शाळेत धड्याखाली स्वाध्याय असतो तसं. आई कुकर लावायला उठली. पण त्यानंतर एक शॉट आहे, पांघरूण घेतलेला एक माणूस भिंतीपाशी बसलाय आणि हळूच वर बघून हसतो, तेव्हा आई तांदळाचं भांडं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती तिथेच राहिली.

रात्री भाचा दोनदा पाणी प्यायला म्हणून आमच्या खोलीत डोकावून गेला. सकाळी शॉवर कुणी लावला नाही, सगळ्यांनी बादली आणि तांब्या. आईचं म्हणणं ती मुळातच शॉवरच्या विरोधात होती. मी तिला ती हिचकॉकची गोष्ट सांगितली, की एका बापाने पत्र लिहिलं, माझी मुलगी आधी एक फ्रेंच सिनेमा बघून टबात उतरेना, आता तुमचा बघून शॉवर घेईना, काय करू, तर हिचकॉकने कळवलं, ड्रायक्लीनिंगला पाठवा. आई हसली नाही. दिवसभर एवढंच म्हणत होती, "दिसायला किती साधा होता." तिला फसवल्याचा राग हिचकॉकवर नव्हता, स्वतःवर होता असं मला वाटलं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या लेक्चरचा कापला. एकट्याने बघू नका, भीती वाटते म्हणून नव्हे, शेजारी बसलेल्यांचे चेहरे बघायला मिळत नाहीत म्हणून. आठवी-नववीच्या खालच्या पोरांना नको. आणि आवडला तर नंतर आपला १९९९ चा 'कौन' लावा, एक घर, तीन माणसं, एकही गाणं नाही आणि उर्मिला मातोंडकर. पुढच्या वेळी आईला तोच दाखवणार आहे, फक्त लाईट जाणार नाही असा दिवस बघून.

मावशी मिरजेला परत जाताना दारात चपला घालत थांबली. शेवटी ती गाडी साखळीने दलदलीतून ओढतात ना, तेच तिच्या डोक्यात. म्हणाली, "नोटा भिजल्या असतील, पण नंबर शाबूत असले तर बँक बदलून देते. वाळवताना इस्त्री तेवढी फिरवायची नाही."