भांडवलशाही की समाजवाद: लातूरच्या आफ्रिका अभ्यासवर्गाविषयी

लातूर शहरातील एका अभ्यासिकेने नुकताच स्वातंत्र्योत्तर आफ्रिकेतील अर्थव्यवस्थांवर चार रविवारांचा सशुल्क अभ्यासवर्ग घेतला. भांडवलशाही की समाजवाद हा त्याचा विषय होता. वेळ सकाळी दहा ते एक, शुल्क माणशी आठशे रुपये, आणि त्यात साठ पानांची छापील टिपणे व मधल्या सुट्टीतला चहा. वर्गात चाळीसेक जण होते. बहुतेक स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली, माझ्यासारखे दोन-तीन निवृत्त शिक्षक आणि औसा तालुक्यातून एसटीने येणारे एक वयस्क शेतकरी. कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली, पण पाठ्यपुस्तकात दारिद्र्यावरच्या एखाद्या परिच्छेदापलीकडे आफ्रिका मला कधी भेटली नव्हती, म्हणून मी नाव नोंदवले. चारपैकी तीन रविवार उत्तम झाले. दुसरा रविवार वाया गेला, आणि त्याविषयीही लिहिणे भाग आहे.

पहिल्या दिवशी वर्ग घेणाऱ्या सरांनी सुरुवात एका पैजेने केली. ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला आणि पुढच्याच महिन्यात त्याचे पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा शेजारच्या आयव्हरी कोस्टला गेले. तेथील नेते फेलिक्स उफुए-ब्वानी यांनी त्यांच्याशी पैज लावली, की दहा वर्षांनी पाहू, कोणाचा देश पुढे गेला ते. एन्क्रुमांचा भर सरकारी कारखाने, नियोजन आणि समाजवाद यांवर होता. उफुए-ब्वानींचा भर फ्रान्सशी सलोखा, खासगी भांडवल आणि निर्यात यांवर. कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात या पैजेनंतर लगेच निकाल दिलेला असतो. सरांनी तसे न करता पिशवीतून केरळच्या इडुक्कीहून मागवलेल्या कोकोच्या बिया काढल्या आणि त्या हातोहात वर्गभर फिरवल्या. वाळलेली बी बदामाएवढी, तपकिरी, आणि वास चक्क आंबटसर, व्हिनेगरकडे झुकणारा. आंबवल्यावरच तिला चॉकलेटची चव येते, हे मला त्या दिवशी कळले. सर म्हणाले, की दोन्ही देश या बीवर जगत होते, तेव्हा हिचा भाव कोण ठरवत होते ते आधी पाहू.

त्यानंतरचे दोन तास हा या संपूर्ण वर्गाचा गाभा होता. घानात कोको खरेदीचे मंडळ १९४७ साली स्थापन झाले, म्हणजे ते ब्रिटिश राजवटीने उभे केले होते. एन्क्रुमांच्या समाजवादाला ते आयते मिळाले. शेतकऱ्याने कोको मंडळालाच द्यायचा, मंडळाने आधी जाहीर केलेल्या भावाने तो घ्यायचा, जागतिक बाजारात विकायचा आणि मधला फरक राखून ठेवायचा, म्हणजे मंदीच्या वर्षी शेतकऱ्याला आधार देता येईल, अशी मूळ कल्पना. १९५४ साली जगात कोकोचे भाव चढलेले असताना सरकारने साठ पौंडांच्या, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोंच्या बोजाला ७२ शिलिंग हा भाव चार वर्षांसाठी बांधून टाकला. घानातील अशांती नावाच्या प्रदेशातील शेतकरी भडकले, आणि त्याच सप्टेंबरमध्ये कुमासी येथे एन्क्रुमांच्या विरोधात नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट हा पक्ष उभा राहिला. १९६५ साली जागतिक भाव कोसळले तेव्हा शेतकऱ्याला सावरण्याइतकी गंगाजळी उरलेली नव्हती. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी लष्कराने एन्क्रुमांना सत्तेवरून हटवले. येथपर्यंतची कथा समाजवादाचे अपयश म्हणून सांगता येते. पण सरांनी लगेच फळ्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर आयव्हरी कोस्ट लिहिले आणि दाखवले, की या ‘भांडवलशाही’ देशातही कोकोचा भाव सरकारी स्थिरीकरण निधीच बांधत असे आणि फरक तोच निधी ठेवत असे.

तेव्हा मागच्या बाकावरून औशाचे ते काका उठले. “सर, मंग मधला पैसा गेला कुठं?”

सरांनी खडू खाली ठेवला. “काका, आपल्याला पुढचे सगळे रविवार याच प्रश्नाला द्यायचेत,” असे ते म्हणाले, आणि त्यांच्या स्वतःच्या तासांपुरता तरी त्यांनी तो शब्द पाळला. आयव्हरी कोस्टने तो पैसा बराच काळ रस्ते, बंदरे आणि नव्या लागवडीवर लावला, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कोको उत्पादनात घानाला मागे टाकले; परंतु १९८७ साली त्याच देशाला परदेशी कर्जाची परतफेड थांबवावी लागली, आणि तरीही १९९० साली यामुसुक्रो येथे जगातील सर्वांत मोठ्या चर्चपैकी एकाचे उद्घाटन झाले.

हे ऐकताना मला माझे गाव मानवत आठवले. आपल्याकडे १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली तेव्हा मी शाळेत होतो. खरेदी केंद्राबाहेर लागलेल्या बैलगाड्यांच्या रांगा, गाडीखाली अंथरलेली पोती, रात्री पेटवलेल्या शेकोट्या हे सारे आजही डोळ्यांसमोर आहे. एका पडत्या वर्षी बांधलेल्या भावामुळेच आमचे घर तरले, हे वडील शेवटपर्यंत सांगत. पुढे शेजारच्या राज्यात भाव चढला तेव्हा आमच्याच गल्लीतील गाड्या रातोरात सीमेकडे निघाल्याचेही मी पाहिले आहे. घानाचा कोको याच रीतीने चोरट्या वाटांनी टोगो आणि आयव्हरी कोस्टमध्ये जात असे, असे सर म्हणाले तेव्हा वर्गातील दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मराठवाड्यातील माणसाला हा विषय समजावून सांगायला यापेक्षा चांगला रस्ता मला तरी दिसत नाही.

दुसऱ्या रविवारी बाहेरून बोलावलेले व्याख्याते आले. त्यांनी पडद्यावर दोन रकाने दाखवले, एकात समाजवादी देश आणि दुसऱ्यात भांडवलशाही देश, आणि तीन तास पहिल्या रकान्यावर फुल्या मारल्या. टांझानियाच्या घसरणीत १९७३ आणि १९७९ च्या तेल दरवाढीचा आणि युगांडाशी झालेल्या युद्धाचा भार किती होता, याचा उल्लेखही आला नाही. घानाने १९८३ साली नाणेनिधी व जागतिक बँकेच्या अटींवर सुधारणा स्वीकारल्या. त्यानंतर कोको उत्पादकाला भाव वाढवून मिळाला आणि उत्पादन सावरले, ही खरी गोष्ट त्यांनी सांगितली. त्याच सुधारणांत १९८५ साली सरकारी रुग्णालयांचे शुल्क वाढले आणि गरीब रुग्ण दवाखान्यापासून दूर राहू लागले, ही तितकीच खरी गोष्ट मात्र त्यांनी वगळली. एका मुलीने नेमका हाच प्रश्न विचारला, तेव्हा “परीक्षेत हे येत नाही” असे उत्तर मिळाले. मला हे मनापासून खटकले.

तिसरा रविवार टांझानियाचा होता. तेथील राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचा समाजवादी धोरण मांडणारा अरुशा जाहीरनामा ५ फेब्रुवारी १९६७ चा; त्यात पुढाऱ्यांना कंपनीचे भागभांडवल, दुसरा पगार आणि भाड्याने दिलेली घरे ठेवण्यास मनाई होती, आणि दुसऱ्याच दिवशी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. न्येरेरेंच्या या समाजवादाचे नाव उजामा, म्हणजे कुटुंबभाव. सरांनी रुवुमा भागातील गावांची माहिती दिली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटली. तेथील शेतकऱ्यांनी सामूहिक शेती स्वतःहून उभी केली होती, निर्णय ते गावसभेत घेत, आणि न्येरेरेंनीही या गावांचे कौतुक केले होते. तरीही १९६९ साली सत्ताधारी पक्षाने त्यांची संघटना विसर्जित केली, कारण ती पक्षाच्या ताब्यात नव्हती. १९७३ नंतर मात्र लाखो लोकांना सक्तीने रस्त्यालगतच्या नव्या वस्त्यांत हलवण्यात आले, अनेकांची शेते दूर पडली आणि धान्याची आयात वाढली. किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसित झालेल्या गावातील एक तरुण येथे बोलला. नव्या गावात घर पक्के मिळाले, पण गोठ्याला जागा राहिली नाही आणि आजोबांना शेतात जायला दुप्पट चालावे लागले, असे त्याने सांगितले. सरांनी हे दोन प्रसंग सरसकट एक मानू नयेत असे बजावले, आणि ते योग्यच केले, कारण एकीकडे आपत्ती होती आणि दुसरीकडे धोरण. न्येरेरेंच्या राजवटीत साक्षरता आणि प्राथमिक शिक्षण यांनी मोठी झेप घेतली, हेही त्यांनी तितक्याच आस्थेने मांडले.

चौथ्या दिवशी केनिया आणि बोत्स्वाना. केनियाच्या १९६५ च्या धोरणपत्राच्या शीर्षकातच ‘आफ्रिकी समाजवाद’ हे शब्द आहेत, पण आतील धोरण खासगी मालकीचे आहे. आणि याच केनियात लहान शेतकऱ्यांचा चहा एका सरकारी संस्थेने उभा केला. बोत्स्वाना बाजारपेठेचा आदर्श म्हणून सांगितला जातो, परंतु तेथील प्रमुख हिरे कंपनीत सरकारचा हिस्सा निम्मा आहे. आयव्हरी कोस्टने १९९९ साली तो स्थिरीकरण निधी मोडीत काढला आणि २०११-१२ मध्ये पुन्हा सरकारी मंडळ आणून किमान भाव बांधला. घानाने आपले मंडळ कधी मोडलेच नाही. शेवटी पाहिले तर काकांनी टिपणांच्या मलपृष्ठावर सोयाबीनचा हमीभाव आणि अडतीवर प्रत्यक्ष मिळालेला भाव शेजारी शेजारी लिहून खाली वजाबाकी मांडली होती.

सोयींविषयी थोडक्यात सांगायचे तर बाके अरुंद आहेत, मागच्या रांगेत फळा नीट दिसत नाही, पाणी थंड आणि चहा चांगला होता. टिपणांत अरुशा जाहीरनाम्याचे वर्ष १९७६ छापले आहे, आणि परीक्षार्थी मुले तेच पाठ करतील, म्हणून पुढील तुकडीआधी ते पान बदलायलाच हवे. झांबियाच्या तांब्यासाठी आणि इथिओपियातील १९७५ च्या जमीन राष्ट्रीयीकरणासाठी मिळून वीस मिनिटेही मिळाली नाहीत. दुसरा रविवार याच सरांकडे देऊन त्यात हे दोन देश घ्यावेत, असे मी अभ्यासिकेच्या वहीत लिहून आलो आहे. तसे झाले तर आठशेऐवजी हजार रुपये भरून मी पुन्हा बसेन.