पीसीओडी आणि शुगर: उपाशीपोटी, एचबीएवनसी, जीटीटी की इन्सुलिन?

पीसीओडीचं (हार्मोन्सचा तोल बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) निदान झालं की लॅबचं भलंमोठं पॅकेज पुढे येतं. त्यातली हार्मोन्स बाजूला ठेवू. मधुमेहाकडे वाटचाल सुरू झाली आहे का, हे बघायला यातलं नेमकं काय निवडायचं?

उपाशीपोटी शुगर सगळ्यात स्वस्त आणि सुटसुटीत. १०० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या आत नॉर्मल, १२६ किंवा वर मधुमेह. पण पीसीओडीत साखर बरेचदा आधी जेवणानंतरची बिघडते. स्वादुपिंड जादा इन्सुलिन ओतून सकाळचा आकडा नव्वदच्या घरात धरून ठेवतं. म्हणून नुसत्या याच रिपोर्टवर निर्धास्त होऊ नये.

एचबीएवनसीला उपास लागत नाही, रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाच्या आधीची पायरी. मात्र हा आकडा हिमोग्लोबिनवर बेतलेला. पाळीत अति रक्तस्राव होऊन लोह कमी झालं असेल, तर तो उगाच चढा दिसू शकतो. थॅलेसेमिया मायनर किंवा विदर्भात बऱ्यापैकी आढळणारा सिकलसेल, असा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष असेल, तरी गफलत होते. सोबत सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी) हवाच.

जीटीटी, म्हणजे ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट, कंटाळवाणी, पण माझं मत तिलाच. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं, भात-पोळी तोडायची नाही. रात्रभर उपास, सकाळी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाचेक मिनिटांत संपवायचं. गोडमिट्ट असतं, काहींना मळमळतं. दोन तास लॅबमध्येच बसायचं. खाली चक्कर मारून आलात तर आकडा बदलतो. दोन तासांनी १४० ते १९९ आलं तर प्रीडायबेटिस, २०० किंवा वर मधुमेह. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही पीसीओडीत, वजन कितीही असो, हीच सगळ्यात अचूक मानली आहे. नाश्ता करून दिलेली 'पीपी' (खाल्ल्यानंतरची शुगर) म्हणजे जीटीटी नव्हे, हे काउंटरवर स्पष्ट सांगा.

राहिलं फास्टिंग (उपाशीपोटीचं) इन्सुलिन आणि त्यावरून काढलेला होमा-आयआर, म्हणजे शरीर इन्सुलिनला कितपत जुमानत नाही याचा अंदाज. शुगर गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५. शुगर ९० आणि इन्सुलिन १८ असेल तर ४. दिसायला शास्त्रशुद्ध, पण प्रत्येक लॅबची मोजणी वेगळी, सर्वमान्य सीमारेषा नाही, आणि आकडा काहीही आला तरी उपचार सहसा तेच. त्याच सूचना रोजच्या उपचारांत ही चाचणी करू नका म्हणतात. पैसे वाचवायचे तर इथे वाचवा आणि लिपिड प्रोफाइलला (रक्तातल्या चरबीची तपासणी) लावा. पीसीओडीत ट्रायग्लिसराइड्स वाढलेली आणि एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) कमी, ही जोडी नेहमीची. कमरेला टेप लावायला तर काहीच खर्च नाही: आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा ८० सेंटीमीटर.

दिवस राहावेत म्हणून प्रयत्न सुरू करणार असाल, तर आधी जीटीटीच करा. दोन तास काढणं जमतच नसेल तर उपाशीपोटी शुगर आणि एचबीएवनसी दोन्ही मिळून चालतील. नॉर्मल आलं तरी धोका बघून एक ते तीन वर्षांनी पुन्हा. मेटफॉर्मिन (साखरेवरची गोळी) आधीच सुरू असेल तर तपासणीसाठी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.