मध्यम एसयूव्हीमागे ट्रॅव्हल ट्रेलर: 11 महिन्यांच्या वापरानंतर

आम्ही कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या दक्षिणेला राहतो. आमच्याकडे 2021 सालची टोयोटा हायलँडर आहे. तिचे इंजिन 3.5 लिटरचे, व्ही6 पेट्रोल आहे आणि ओढण्याची कमाल क्षमता कंपनीने 5,000 पौंड, म्हणजे साधारण 2,270 किलो, सांगितलेली आहे. त्याच वर्षीच्या हायब्रिड हायलँडरसाठी हा आकडा 3,500 पौंडच आहे, त्यामुळे नुसत्या गाडीच्या नावावरून कोणी अंदाज बांधू नये. गेल्या मे महिन्यात आम्ही 2019 सालचा एक वापरलेला ट्रेलर घेतला. जोडदांड्यासह त्याची लांबी 19 फूट, रुंदी 7 फूट, आस एकच, पुढे दोघांचा पलंग आणि मागे मुलांसाठी एकावर एक दोन बंक. तेव्हापासून त्यात 31 रात्री झाल्या आणि सुमारे 5,200 मैल तो ओढून झाला. त्याच्या कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे त्यातल्या एका दोषाविषयी लिहायचे आहे आणि या आकाराच्या बहुतेक ट्रेलरना तो धोका सारखाच असतो.

खरेदीपूर्वी आम्ही सहा-सात विक्रेत्यांकडे गेलो. जवळजवळ प्रत्येकाने गाडीची क्षमता विचारली, 5,000 हा आकडा ऐकला आणि 4,300 पौंड रिकाम्या वजनाचा, 23 फुटी ट्रेलर दाखवायला नेले. रिकामे वजन 5,000च्या आत आहे, म्हणजे काम झाले, असे त्यांचे गणित होते. हे गणित दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे. रिकाम्या वजनाने कोणीही प्रवास करत नाही, आणि गाडीची 5,000 पौंडांची क्षमता आमच्यासारख्या चार माणसांच्या भरलेल्या गाडीसाठी मोजलेली नसते. ओढक्षमता ठरवण्याची एसएई जे2807 ही जी चाचणीपद्धत टोयोटाने इतरांच्या आधी, 2011च्या टुंड्रा पिकअप ट्रकपासून, स्वीकारली, तिच्यात गाडीत फक्त चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी 150 पौंडांचे, धरलेले असतात. अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा लांब चढ भर उन्हाळ्यात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून चढायचा, असा त्या चाचणीचा एक भाग आहे. चाचणी कठीण आहे यात शंका नाही, पण तिच्यात मागच्या सीटवर मुले नसतात आणि डिकीत कुकर, तांदळाचा डबा आणि चार झोपण्याच्या पिशव्याही नसतात.

आमच्या निवडीचा खरा निर्णय चालकाच्या दारालगतच्या चौकटीवर चिकटवलेल्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरने केला. प्रवासी आणि सामान यांचे एकत्रित वजन किती पौंडांपेक्षा जास्त नसावे, हे त्यावर प्रत्येक गाडीसाठी स्वतंत्र छापलेले असते. आमच्या गाडीवर तो आकडा 1,310 आहे. ट्रेलरचा जो भार हिचच्या, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या, गोळ्यावर पडतो, ज्याला सगळे टंग वेट म्हणतात, तोही याच 1,310 पौंडांतून वजा होतो, ही गोष्ट मला एकाही विक्रेत्याने आपणहून सांगितली नाही. आम्ही चौघे मिळून 495 पौंड, गाडीतले सामान 140, भार विभागणाऱ्या हिचचे (तिच्या दांड्या गोळ्यावरचा थोडा भार पुढच्या चाकांकडे परत ढकलतात) लोखंड 70 आणि टंग वेट 465, अशी बेरीज 1,170 होते. उरतात 140 पौंड. 23 फुटी ट्रेलर भरून 5,300 पौंडांपर्यंत सहज गेला असता; म्हणजे ओढक्षमता तर ओलांडलीच असती, शिवाय त्याचे टंग वेट 12 टक्के धरले तरी 635 पौंड होऊन आमची गाडी स्टिकरच्या मर्यादेबाहेर गेली असती.

जुलैमध्ये नाशिकहून आई-बाबा आले. गाडीत सात-आठ जागा आहेत, तेव्हा सगळे एकाच गाडीतून जाऊ, असे मुलांनी परस्पर ठरवून टाकले होते. दोघांचे मिळून 270 पौंड म्हणजे मर्यादेपेक्षा 130 पौंड जास्त. शेवटी माझे पती दुसऱ्या गाडीतून आई-बाबांना आणि मुलीला घेऊन आले, आणि मी मुलाबरोबर ट्रेलर घेऊन पुढे निघाले. बाबांना आधी हे अति वाटले, परंतु ला व्हेटा घाटाच्या उतारावर मागून येऊन त्यांनी आमच्या गाडीची आणि ट्रेलरची पातळी पाहिली, तेव्हा त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. ज्यांच्याकडे दर उन्हाळ्यात भारतातून आई-वडील येतात, त्यांनी ट्रेलर निवडतानाच ही दोन माणसे हिशेबात धरावीत, कारण तिसऱ्या रांगेत जागा असणे आणि गाडीने तेवढा भार पेलणे या वेगळ्या गोष्टी आहेत. काही कंपन्या, उदाहरणार्थ होंडा, आपल्या पुस्तिकेत प्रवाशांची संख्या वाढेल तशी ओढण्याची मर्यादा कमी होत जाणारे कोष्टकच देतात. माझ्या मते ते सर्वांत प्रामाणिक कोष्टक आहे.

ट्रेलरच्या पाटीवरचे रिकामे वजन 2,950 पौंड आहे आणि कमाल भरलेले वजन 3,800. घेतल्यानंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात आम्ही तो भरून ट्रकच्या थांब्यावरील कॅट स्केलवर, म्हणजे वाहने तोलण्याच्या वजनकाट्यावर, नेला, आणि हा खटाटोप प्रत्येकाने करावा असे मी आग्रहाने सांगते. आधी गाडी आणि ट्रेलर एकत्र तोलायचे, मग ट्रेलर बाजूला सोडून तीच गाडी त्याच माणसांसह पुन्हा तोलायची. गाडीच्या दोन्ही आसांवरचा भार पहिल्या वेळी जितका जास्त भरतो, तितके टंग वेट. मात्र भार विभागणाऱ्या हिचच्या दांड्या या मापासाठी सैल सोडाव्या लागतात, नाहीतर आकडा कमी येतो. पाण्याची टाकी रिकामी असताना आमचा ट्रेलर 3,475 पौंड भरला आणि टंग वेट 465, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या जवळ. मग 20 गॅलनची टाकी भरून पुन्हा तोलले. पाण्याचे वजन गॅलनला साधारण 8.3 पौंड, त्यामुळे एकूण वजन 3,640 झाले, पण टंग वेट वाढण्याऐवजी 415वर आले. आमची टाकी आसाच्या मागे आहे, म्हणून भरली की मागचा भाग जड होतो आणि पुढचा उचलला जातो. टंग वेट ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के असावे लागते, आणि त्या पट्ट्यात आपण अजूनही होतो, तरीही टाकी भरून निघाल्यावर मागून मोठा ट्रक ओलांडून गेला की ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा किंचित डोलतो, हे हाताला स्पष्ट जाणवते. आता आम्ही पाणी कॅम्पग्राउंडवर पोहोचल्यावरच भरतो. टाकी कुठे बसवली आहे हे माहितीपत्रकात नसते. वाकून खाली पाहावे लागते.

भार विभागणारी हिच लावल्यामुळे फरक पडला. तिच्याशिवाय पुढच्या चाकांवरचा भार सुमारे 200 पौंडांनी हलका झाला होता, आणि वळणावर स्टिअरिंग पोकळ वाटत होते. दांड्या ताणल्यावर त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भार पुढे परत आला. पण हे उपकरण सर्व गाड्यांना चालत नाही. होंडा पायलटच्या पुस्तिकेत त्याची शिफारस केलेली नाही, तेव्हा दुकानदाराने काहीही सांगितले तरी आपल्या गाडीची पुस्तिका आधी वाचावी. ट्रेलरचे विद्युत ब्रेक आणि ते गाडीतून चालवणारा कंट्रोलर यांत मात्र तडजोड नको. अनेक राज्यांत 3,000 पौंडांपासून पुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक कायद्यानेच लागतात, आणि डोंगरात ते कायद्यापेक्षाही जास्त गरजेचे आहेत. रिकाम्या मैदानात ताशी 20-25 मैलांवर कंट्रोलरचा हाताचा खटका दाबून पाहावा. ट्रेलरने गाडीला मागे ओढले पाहिजे, पण त्याची चाके घासत थांबता कामा नयेत.

आता घाटांविषयी. हायलँडरचे इंजिन 295 अश्वशक्तीचे आहे, परंतु टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते. डेन्व्हर 5,280 फुटांवर आहे आणि आय-70 महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा 11,158 फुटांवर, तेव्हा बोगद्याच्या तोंडाशी आपल्या हाती दोनशेच्या आसपास अश्वशक्ती उरते. आम्ही तो चढ उजव्या मार्गिकेत, ट्रकच्या मागे, ताशी 40-45 मैलांनी चढलो. इंजिन सतत 4,500 फेऱ्यांच्या वर ओरडत होते, पण तापमानाचा काटा हलला नाही. उतार हाच खरा परीक्षेचा भाग आहे. गिअरचा दांडा एस स्थितीत टाकून खालचा गिअर आधीच घ्यावा, वेग वाढल्यानंतर नव्हे; ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबून सोडून द्यावा, सतत पाय ठेवून तापवू नये. टर्बो इंजिनाची मध्यम एसयूव्ही असती तर चढ सोपा गेला असता, आणि कोलोरॅडोत राहून नव्याने गाडी घेणाऱ्याने हा विचार जरूर करावा. सपाट प्रदेशात राहणाऱ्याला त्याची तितकी गरज नाही.

इंधनाचा खर्च अपेक्षेपेक्षा जास्त आहे. एरवी महामार्गावर 26-27 मैल प्रतिगॅलन देणारी गाडी ट्रेलर ओढताना 11 ते 12 देते. टाकी 17.9 गॅलनची, त्यामुळे दर दीडशे मैलांवर पंप शोधावा लागतो. इथे वजनापेक्षा वारा जास्त खातो, हे आम्हाला वायोमिंगकडे जाताना शायेनच्या आसपास समोरच्या वाऱ्यात कळले: त्या दिवशी सरासरी साडेनऊवर आली. म्हणूनच मी 8 फुटांऐवजी 7 फूट रुंदीचा आग्रह धरला होता, आणि त्या निर्णयाचे समाधान दर प्रवासात वाढते. गाडीच्या रुंदीपलीकडे ट्रेलर कमी डोकावतो, आरशातून मागचे दिसते आणि अंगावर वारा कमी घेतो. आतली जागा अर्थातच कमी होते. मुलगा आता 14 वर्षांचा आहे आणि आणखी दोन वर्षांनी त्या बंकवर मावणार नाही.

इतर पर्यायही आम्ही पाहिले होते. कॅसिटा आणि स्कॅम्प हे साच्यांत ओतलेल्या फायबरग्लासचे ट्रेलर मला मनापासून आवडले, कारण त्यांना सांधे कमी असतात. चौघांना मात्र ते अपुरे पडले असते. एअरस्ट्रीमचा 16 फुटी बॅम्बी कमाल 3,500 पौंडांचा असल्याने आमच्या गाडीला साजेसा होता, पण किंमत आवाक्याबाहेर होती. कापडी भिंतींचा उघडमीट होणारा ट्रेलर सर्वांत हलका. मात्र यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिजसारख्या ठिकाणी अस्वलांमुळे फक्त कडक भिंतींच्या वाहनांना राहू देतात, आणि मुलांना घेऊन तिथे जायचेच होते.

दोषाविषयी. जुलैच्या दुपारच्या पावसात पुढच्या खिडकीच्या कोपऱ्यातून पाणी झिरपले आणि पलंगाखालचा प्लायवूड मऊ झाला. लाकडी चौकटीच्या ट्रेलरमध्ये प्रत्येक सांधा फटी बुजवणाऱ्या लवचिक सीलंटवर अवलंबून असतो, आणि उन्हाने व रस्त्याच्या हादऱ्यांनी ते सीलंट काही वर्षांत तडकते. दुरुस्तीसाठी एका सेवाकेंद्राने ट्रेलर सहा आठवडे ठेवून घेतला, म्हणजे आमचा निम्मा उन्हाळा गेला. परत आणल्यावर पहिल्याच पावसात पाणी पुन्हा आले. मग माझ्या पतींनी खिडकी स्वतः काढली, जुनी पट्टी खरवडली, ब्यूटिल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी, लावून खिडकी बसवली आणि त्यानंतर थेंबही आलेला नाही. वापरलेला ट्रेलर घेणाऱ्याने ओलावा मोजणारे छोटे यंत्र बरोबर न्यावे आणि कोपरे, खिडक्यांखालचा भाग व छताच्या झडपांभोवतीची जागा तपासावी. आम्ही फक्त डोळ्यांनी पाहिले होते, ही आमची चूक.

स्वयंपाकाविषयी आपल्या लोकांना विशेष सांगावेसे वाटते. ग्रेट सँड ड्यून्स राष्ट्रीय उद्यानाच्या कॅम्पग्राउंडवर, 8,200 फुटांच्या आसपास, पाणी साधारण 92 अंशांनाच उकळते, म्हणून कुकरशिवाय तूरडाळ शिजत नाही. तीन लिटरचा कुकर दोन बर्नरच्या शेगडीवर नीट बसतो. फोडणी मात्र आत करू नये. एवढ्याशा जागेत मोहरी तडतडताच धुराचा इशारा वाजतो, आणि वास गाद्यांमध्ये आठवडाभर राहतो. आम्ही बाहेरच्या टेबलावर वेगळी शेगडी ठेवतो. जमिनीलगत बसवलेले, गॅसगळतीचा इशारा देणारे यंत्र कधीही बंद करू नये. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो खालीच साचतो. त्या कॅम्पग्राउंडवर वीज-पाण्याची जोडणी नाही, पण दोन बॅटऱ्या आणि छतावरचे एक सौर पॅनल यांवर आमच्या तीन रात्री व्यवस्थित निघाल्या.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला नळांतले पाणी काढून, थंडीत ते गोठून नळ फुटू नयेत म्हणून, गुलाबी अँटीफ्रीझ भरले. त्याआधी पाणी तापवण्याची सहा गॅलनची टाकी बायपास केली नाही, तर तेवढे अँटीफ्रीझ तिच्यातच वाया जाते. एप्रिलमध्ये ते धुऊन काढताना सगळे नळ शाबूत निघाले. टायरवर मात्र 2319 हा कोड आहे, म्हणजे ते 2019च्या 23व्या आठवड्यात बनलेले आहेत. नक्षी अजून खोल दिसत असली तरी बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा आल्या आहेत, त्यामुळे जूनमध्ये मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यानाला निघण्यापूर्वी दोन्ही टायर आणि स्टेपनी बदलणार आहोत. तिथे ट्रेलरला मोरफिल्ड कॅम्पग्राउंडच्या पुढे नेता येत नाही. तो तिथेच सोडून कड्यांतली घरे पाहायला गाडीने वर जायचे, आणि या खेपेला आई-बाबा नसल्याने एकाच गाडीने.